चवदार तळं, फुटपाथ आणि रविवारची रिमांड

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल दोनदा ऐकला. एकदा कोर्टातल्या बार रूममधे, म्हणजे वकिलांच्या खोलीत, तिथे शेजारी निवडणुकीवरून भांडण चाललेलं त्यामुळे निम्मा कळलाच नाही, आणि मग घरी कुकर लावून शांतपणे. राग बरोबर आहे तुझा. निकाल लागतो, पेपरात हेडलाईन येते, दोन दिवस सगळे संविधान संविधान करतात आणि वस्तीतला नळ मात्र कोरडा तो कोरडाच. आणि शेवटी जे विचारलंस ना, की मॅडम मग कॉन्स्टिट्यूशनल लॉ शिकून मी नक्की करायचं काय, आणि करायचंच तर दिल्लीलाच जावं लागेल ना, त्यावर म्हटलं फोनवर नको, लिहूनच काढू. फोनवर तू मधेमधे बोलतेस.

मागच्या मे महिन्यात इंटर्नशिपला होतीस तेव्हा महाडला गेलेलो आठवतंय? चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून तू वीसेक फोटो काढलेस. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तिथे पाणी प्यायले हे तुला माहितीच आहे, शाळेत असतं. पण त्या तळ्यावर एक दिवाणी दावा चालला हे किती जणांना माहितीये? लॉ कॉलेजातल्या पोरांनाही नसतं, मी विचारून बघितलंय.

पाणी प्यायल्यावर गावात काय झालं तर अस्पृश्य आता देवळात घुसणार अशी अफवा उठली, परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली, आणि मग तळ्याचं शुद्धीकरण केलं, शेण गोमूत्र दूध दही घातलेले 108 घडे ओतून. नगरपालिकेनं 1924 मधे तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला होता, मुंबईच्या कौन्सिलात सी. के. बोल्यांचा, चुकले, सीताराम केशव म्हणजे एस. के. बोल्यांचा 1923 चा ठराव झाला होता त्याला धरून, तोही पालिकेनं ऑगस्ट 1927 मधे फिरवला. मग बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. आणि आता बघ समोरच्यांनी काय केलं. ते कोर्टात गेले. 12 डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा, म्हणणं काय तर हे तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी इथे न येण्याची अनादि काळापासूनची रूढी आहे, आणि 14 तारखेला तूर्तातूर्त मनाई हुकूम हातात. म्हणजे कोर्टाचं दार आधी कोणी ठोठावलं, तर ज्यांना पाणी द्यायचं नव्हतं त्यांनी. हे डोक्यात पक्कं ठेव, कोर्ट म्हणजे आपोआप आपल्या बाजूचं असं समजून जे वकील येतात ते दोन वर्षांत कडवट होतात.

25 डिसेंबरला परिषद भरली, हजारो माणसं लांबून चालत आलेली, पाणी प्यायलाच आलेली. आणि बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. मनाई हुकूम मोडायचा की पाळायचा? माणसं तुरुंगात जायला तयार होती. शेवटी हुकूम पाळायचं ठरलं, मिरवणूक तळ्याभोवती फिरली आणि पाण्याला हात न लावता परतली. मी विद्यार्थी असताना मला हे पटायचं नाही, शरणागती वाटायची. आता 27 वर्षं दावे चालवल्यावर वाटतं की त्या दिवशी पाण्याला हात न लावता परतणं हे प्यायण्यापेक्षा अवघड असणार.

पुढे फेब्रुवारी 1928 मधे तो मनाई हुकूम उठला, पण दावा चालूच. जून 1931 मधे महाडच्या कोर्टात वादी हरले, जानेवारी 1933 मधे ठाण्याला अपिलात हरले, आणि 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टात हरले. सव्वानऊ वर्षं गं. तुझ्या वस्तीची रिट, हायकोर्टातला अर्ज, अडीच वर्षं पडून आहे म्हणून तू रडतेस (रड, माझी ना नाही).

पण खरी गंमत निकालात आहे. हायकोर्टात ब्रूमफील्ड होते, 1922 मधे गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच, आणि सोबत वाडिया. निकालात समतेवर भाषण नाही. कारण समतेचं कलमच नव्हतं तेव्हा, 1937 साली कुठलं समतेचं कलम 14 आणि कुठलं अस्पृश्यता बंद करणारं 17! कोर्टानं एवढंच म्हटलं की रूढी अनादि काळापासूनची आहे हे वाद्यांना सिद्ध करता आलं नाही. पालिका येण्याआधी तळ्याभोवती सवर्णांचीच वस्ती, मग तिथे कोणी यायला बघितलं, त्याला अडवलं, असं काही घडलं तरी होतं का, पुरावा कुठाय? संपलं. पुराव्यावर गेला दावा. बाबासाहेबांची बाजू जिंकली ती साक्षीपुराव्यानं, कैफियतीनं म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरानं, उलटतपासणीनं, म्हणजे ज्याला तू मागे 'बोअरिंग सिव्हिल प्रॅक्टिस' म्हणाली होतीस ना त्याच्यानं.

आणि आता संविधान उघड. कलम 15 चा दुसरा खंड काढ. तिथे नुसतं भेदभाव करू नये असं लिहून थांबलेले नाहीत, दुकानं, हॉटेलं, आणि पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. तलाव! एवढ्या मोठ्या देशाच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात तलाव हा शब्द येतो. आणि तो नुसता सरकारला बांधत नाही, शेजाऱ्यालाही बांधतो, कुठल्याही नागरिकाला या कारणावरून अडवायचं नाही. मग कलम 13 बघ, तिथे कायद्याच्या व्याख्येत रूढी आणि परिपाठसुद्धा घातलेत, म्हणजे यापुढे कोणी 'आमची रूढी आहे' म्हणून दावा घेऊन आला तर ती अनादि आहे का पन्नास वर्षांची आहे यात सव्वानऊ वर्षं घालवायला नकोत, मूलभूत हक्काच्या आड येत असेल तर तिथेच बाद. आता ही कलमं त्या एका दाव्यातूनच आली असं मी म्हणणार नाही, तसे पाणवठे आणि तशा रूढी देशभर होत्या. पण ज्या माणसाचं नाव प्रतिवादी म्हणून त्या दाव्याच्या कागदावर होतं तोच माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता, एवढं मला पुरतं. मला ते कलम वाचताना दरवेळी त्या पायऱ्या दिसतात.

म्हणून दिल्लीचं म्हणशील तर जा, जरूर जा, पण कॉन्स्टिट्यूशनल लॉ दिल्लीत असतो आणि तालुक्याला नुसते चेक बाउन्स असतात हे डोक्यातून काढ.

माझीच फजिती सांगते. 1999, वकिलीची सनद मिळून दुसरं वर्ष, कोणी केस देत नव्हतं म्हणून लीगल एडची रिमांड मी करायचे, म्हणजे अटक केलेल्याला मॅजिस्ट्रेटपुढे आणतात तेव्हा त्याच्या बाजूनं फुकट उभं राहायचं. रविवार होता. सुट्टीची रिमांड मॅजिस्ट्रेट साहेबांच्या बंगल्यावर. एकोणीस वर्षांचा कातकरी पोरगा, तांब्याची वायर चोरल्याचा आळ. अटक फॉर्मवर शनिवार संध्याकाळ 6.10. त्याची आई बाहेर पायरीवर बसलेली, मला सांगत होती की शुक्रवारी रात्रीच नेलाय, जेवणावरून उठवून नेलाय, आणि मी काय केलं तर मान हलवली. आई आहे, म्हणणारच, असं वाटलं मला. आत जाऊन मी जे पाठ केलं होतं ते बोलले, आरोपी निर्दोष आहे, तपासाला सहकार्य करील, पीसीआरची, म्हणजे पोलीस कोठडीची गरज नाही वगैरे. साहेब कागद चाळत होते. मधेच थांबले, एक चिठ्ठी उलटी करून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, मॅडम, हे वाचलंत का?

ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर होता, आरोपीला तपासायला आणला त्याचा. मागच्या बाजूला डॉक्टरनं निळ्या पेनानं तारीख टाकलेली, शुक्रवारची, आणि वेळ रात्री 11.20. म्हणजे शनिवारी संध्याकाळी अटक केलेला माणूस शुक्रवारी रात्रीच पोलिसांबरोबर दवाखान्यात हजर. आणि आम्ही बसलो होतो रविवारी दुपारी चार वाजता. चाळीस तास झाले होते. कलम 22 म्हणतं 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे, फक्त प्रवासाचा वेळ वगळून, आणि दवाखान्यापासून बंगला चालत दहा मिनिटं. मी कलम 22 वर कॉलेजात मूट, म्हणजे लुटूपुटूच्या कोर्टाची स्पर्धा, जिंकलेली गं! कप होता घरी कपाटावर. पण चिठ्ठीची मागची बाजू मी उलटून बघितली नव्हती, साहेबांनी बघितली. त्यांनी पीसीआर नाकारला, पोलिसांकडून लेखी खुलासा मागवला आणि पोराला जातमुचलक्यावर सोडलं. बाहेर आल्यावर त्या आईनं माझे पाय धरले, आणि मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी सँडल घालायची विसरून पाच पावलं चालत गेले.

आणि हो, खटला पुढे सहा वर्षं चालला, पंच फितूर झाले, सुटला तो. पण दर तारखेला त्याची एक दिवसाची मजुरी बुडायची, ती कुठल्या कलमात भरून मिळते ते मला अजून सापडलेलं नाही.

परवा 2025 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, त्याला समजेल त्या भाषेत, लगेच जमलं नाही तर निदान रिमांडच्या दोन तास आधी तरी. मुंबईतल्या प्रकरणातूनच आला तो निकाल. उत्तम निकाल. पण तो जिवंत राहणार की मरणार हे कुठे ठरतं, तर सकाळी अकराला रिमांडच्या वेळी एखादी तुझ्यासारखी पोरगी उभी राहून 'साहेब, कारणांचा कागद दिलाय का, कधी दिलाय, सही कुठाय' असं विचारते का नाही तिथे. नाही विचारलं तर निकाल राहतो दिल्लीत.

आता तुझ्या वस्तीचं. तू मेसेजमधे म्हणालीस की जगण्याच्या हक्कात उपजीविका येते हे सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय मग बुलडोझर कसा येतो. ज्या निकालाच्या जोरावर तू हे म्हणतेस, ओल्गा टेलिसचा, 10 जुलै 1985 चा, तो शेवटपर्यंत वाचलास का? खरं सांग. सगळे मधला परिच्छेद वाचतात, भाषणात वापरतात. 1981 च्या पावसाळ्यात फुटपाथवरची माणसं मुंबईबाहेर काढायचं तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुलेंनी जाहीर केलं, त्यावरून पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवरची माणसं कोर्टात गेली. पाच न्यायाधीश, निकाल यशवंतराव चंद्रचूडांनी लिहिला, कलम 21 मधे, म्हणजे जगण्याच्या हक्कात, उपजीविका येते हे म्हटलं, आणि शेवटच्या पानांवर काय म्हटलं? की फुटपाथवर राहायचा हक्क नाही, पालिका झोपड्या काढू शकते, फक्त 31 ऑक्टोबरपर्यंत काढायच्या नाहीत, पावसाळा जाऊ दे. आणि ज्यांच्याकडे 1976 च्या गणतीची कार्डं आहेत त्यांना पर्यायी जागा द्या. म्हणजे हक्क मिळाला आणि फुटपाथ गेला. पुढे त्याच हक्काच्या आधारानं किती जणांनी नोटीस मिळवली, सुनावणी मिळवली, ते आहेच, तो निकाल वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण ज्यांची नावं त्या अर्जावर होती त्यांच्या हातात काय पडलं हेही वाच. आणि त्या कार्डांकडे बघ. 1976 चं एक कार्ड, ज्यानं ट्रंकेत जपून ठेवलं त्याला जागा मागता येत होती. तुझ्या वस्तीतल्या बायकांना आधी हे विचार की लाईट बिल, रेशनकार्ड, मतदार यादी, पोराच्या शाळेचा दाखला, काय काय आहे आणि कुठल्या सालचं आहे. रिटमधे 21 वर बारा पानं नंतर लिही.

कोर्ट चुकतं का? चुकतं, आणि भयंकर चुकतं. एप्रिल 1976, आणीबाणी, एडीएम जबलपूर नावाचा खटला. नऊ हायकोर्टांनी म्हटलेलं की स्थानबद्ध माणसाला कोर्टात येता येतं, सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असं ठरवलं की नाही येता येत. एकटे एच. आर. खन्ना विरोधात. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना डावलून ज्युनिअरला दिलं, त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात आपले यशवंतरावही होते, तेच ओल्गा टेलिसवाले, एकच माणूस नऊ वर्षांत दोन्ही लिहितो, कर विचार. तो निकाल नीट पुसला गेला 2017 मधे, प्रायव्हसीच्या केसमधे, आणि पुसणाऱ्यांत त्यांचा मुलगा. 41 वर्षं लागली. तेवढ्यात तुरुंगातले कितीतरी जण जाऊनही आले, मेलेही. म्हणून कोर्टावर 'विश्वास' ठेव असं मी तुला सांगणार नाही, देवळात जातेस का तू? कागद ठेव. नक्कल ठेव. रोजनाम्यात, कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, आपलं म्हणणं नोंदवलं गेलं का ते त्याच दिवशी बघून ये, शिरस्तेदाराशी, कोर्टाच्या कारकुनाशी, गोड बोलून.

एक अजून, आणि हे तुला आवडणार नाही. तुझं मराठी सुधार. इथे खालच्या कोर्टात कामकाज मराठीत, वर हायकोर्टात सगळं इंग्रजी. बाई जे बोलते ते इंग्रजी अॅफिडेव्हिटमधे जाता जाता असं होऊन जातं की तिला वाचून दाखवलं तर ती म्हणेल हे माझं नाहीच. सही अंगठा मात्र तिचा. मागच्या वेळी तू 'उदरनिर्वाह खंडित झाला' असं लिहिलेलं, ती म्हणाली होती 'तीन दिवस चूल नाही पेटली'. तेच लिही. साहेबांनाही चूल कळते.

मेच्या पहिल्या आठवड्यात ये. एसटीनंच ये, हायवेचं काम अजून चालूये, गाडी नको. येताना त्या 1937 च्या निकालाची प्रिंट काढून आण, वाचून आण, आणि तुझ्या त्या बायकांचे कागद वर्षाप्रमाणे लावून एका फाईलीत. आणि प्रत्येक कागदाची मागची बाजू पण झेरॉक्स कर.