वाचक विचारतात : रॅलीला निघण्याआधी

प्रश्न : मुलगा २०० सीसीच्या गाडीवर पाच दिवसांच्या क्रॉस-कंट्री रॅलीत उतरतोय. सरावाला जानापाव, चोरलकडच्या कच्च्या वाटांवर जातो. परवा मागची ट्यूब दिवसात दोनदा गेली. पंक्चरवाला म्हणतो हवा वाढवा, सोबतची मुलं म्हणतात कमी करा. कोणाचं ऐकायचं?
– लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आधी ट्यूबचं ऐका. फेकली नसेल तर थोडी फुगवून पाण्यात बुडवा. शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या, साप चावल्यासारख्या, तर ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटली आहे. म्हणजे हवा कमी होती. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर दुखणं वेगळं. हवा कमी असताना जोरात रेस दिली की रिम फिरते, टायर मागे राहतो, ट्यूबला ओढतो आणि भोकात अडकलेला व्हॉल्व्ह मुळातून उपटला जातो. त्याला उपाय एकच, रिमलॉक, म्हणजे टायरची कड रिमला आवळून धरणारा तुकडा. रिमला जादा भोक पाडून तो बसवतात. डांबरी रस्त्यावर मग चाक थोडं थडथडतं, त्याने घाबरू नका.

चिमटण्यावर उपाय म्हणजे जाड ट्यूब आणि खडकाळ भागात मागे १८ ते २० पौंड हवा. वाळूत १२ ते १४ पौंडांपर्यंत उतरता येईल, पण रिमलॉक असेल तरच. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. दुपारी तापून वाढलेली दिसली म्हणून सोडत बसू नका.

व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळू नका, वर टोपीला भिडवून ठेवा. टायर सरकायला लागला की व्हॉल्व्ह तिरका होतो आणि येता-जाता नजरेस पडतो. नट आवळलेला असेल तर तो फाटेपर्यंत शहाण्यासारखा ताठ उभा राहतो. जादा ट्यूब एकच न्यायची झाली तर पुढच्या २१ इंची चाकाची न्या. वेळ पडल्यास मागच्या १८ इंचीत ती घडी पडून बसते. उलट केलं तर ताणून पातळ होते.

प्रश्न : तिसऱ्या दिवशी गाडी ओढायची थांबते, तेलही काळं दिसतं. इंजिन उघडावं का?
– सुदामानगर, इंदूर

उत्तर : इंजिनाआधी एअर फिल्टर उघडा. पावसाळ्यानंतर वाळलेल्या काळ्या मातीचा फुफाटा पिठासारखा असतो, तो फटीफटीतून शिरतो. फिल्टर काढून डब्याची इंजिनाकडची बाजू पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर करकर लागली तर धूळ फिल्टरमधून नाही, कडेने येतेय : कडेला ग्रीसचा पातळ थर हवा. फोमचा फिल्टर केरोसीनमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुवा. दाबून काढा, पिळू नका, पिळला की चिरतो. पूर्ण वाळल्यावरच फिल्टरचं तेल लावा. तेलकट कागदी फिल्टरला हवा मारू नका, बदला. मुक्कामी धुणं-वाळवणं जमत नाही, म्हणून घरूनच रोजचा एक तेल लावलेला फोम पिशवीत बंद करून न्यावा.

प्रश्न : चेन सैल दिसली की मेकॅनिक घट्ट करून देतो. बरोबर?
– महू

उत्तर : नाही. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वात ताणते. खड्ड्यात नेमकं तेच होतं. ताण मग बेअरिंगवर आणि सीलवर जातो. गाडीवर माणूस बसवून बघा, तरीही थोडा झोल उरला पाहिजे.

प्रश्न : फोनवर नकाशा असताना रोडबुक कशाला?
– पलासिया, इंदूर

उत्तर : स्पर्धेत फोनचा नकाशा चालत नाही, वापरला तर दंड. रोडबुक म्हणजे वाटेवरच्या खुणांची क्रमवार यादी. तिच्या एका रकान्यात अंतर, मधल्यात वळणाचं चित्र, तिसऱ्यात सूचना. तीन उद्गारचिन्हं म्हणजे जिवावरचा धोका. वाट चुकलात तर अंदाजाने पुढे जाऊ नका. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या आणि ट्रिपमीटर तिथल्या आकड्यावर आणून मगच निघा. डकार ही जगातली नावाजलेली खडतर रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष २०१५ साली ३६वे आले होते, तेव्हा पहिल्या रॅलीत क्रमांकाचं डोक्यात घेऊ नका. सरावासाठी पाताळपाणीकडच्या ३० किलोमीटरचं रोडबुक मित्राकडून बनवून घ्या. स्वतः बनवलेलं वाचता येतं, त्यात काय मोठं!