बारावीनंतर शेतीचा छोटा डिप्लोमा करावा की चार वर्षांची पदवी? (आम्ही इंदूरचे, घरची शेती नाही)

घरची शेती नाही म्हणून अडत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी कॉलेजात येईपर्यंत नांगर धरलेला नव्हता.

बँकेत कृषी अधिकारी व्हायचं मनात असेल तर डिप्लोम्याचा विचार सोडा. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या त्या जागेला चार वर्षांची पदवीच लागते. त्या पदवीच्या प्रवेशासाठी मध्य प्रदेशात पीएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. इंदूरचं कृषी महाविद्यालय ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाशी जोडलेलं आहे. त्याच आवारात १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, पण आपल्याच इंदूरच्या राजवाडा भागातल्या लोकांना ते ठाऊक नसतं!

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. आपल्याकडे तशी सोय गृहीत धरू नका. डिप्लोमा घेण्याआधी कॉलेजात स्पष्ट विचारा, ‘पुढे पदवीला घेणार का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.

छोट्या कोर्सचा खरा उपयोग हाताच्या कामाला: रोपवाटिका, ठिबक, माती परीक्षण. खत-औषधांचं दुकान टाकायचं असेल तर परवान्यासाठी ठरावीक शिक्षण लागतं, तेवढं आधी बघून घ्या. माळव्यात सोयाबीन एवढं पिकतं की बियाणं कंपन्यांना शेतावर फिरणारी माणसं लागतातच. पगार सुरुवातीला बेताचा, आणि मोटरसायकल चालवून पाठ मोडते, हेही सांगून ठेवतो.