फोर्कच्या आधीची ओळ फाइलमध्ये दोनदा का येते?
सी प्रोग्राममध्ये फोर्कच्या (चालू प्रोग्रामची दुसरी प्रत सुरू करणाऱ्या कॉलच्या) आधी प्रिंटएफ (मजकूर छापणारं फंक्शन) एकदाच आहे, स्क्रीनवर ओळ एकदाच दिसते, पण आउटपुट फाइलमध्ये वळवलं की दोनदा येते, असं तुम्ही विचारलंय. दोष फोर्कचा नाही, बफरचा आहे, म्हणजे छापायचा मजकूर तात्पुरता साठवणाऱ्या मेमरीतल्या जागेचा. टर्मिनलवर ओळ संपली की बफर लगेच रिकामा होतो. फाइलकडे जाताना मात्र तो भरेपर्यंत किंवा प्रोग्राम संपेपर्यंत मजकूर तसाच पडून राहतो. फोर्कमुळे चाइल्डला, म्हणजे नव्याने सुरू झालेल्या प्रोग्रामला, सगळ्या मेमरीची प्रत मिळते, त्यात हा न लिहिलेला मजकूरही आलाच. मग संपताना मूळ प्रोग्राम आणि चाइल्ड दोघंही आपापली प्रत लिहून मोकळे होतात.

फोर्कच्या अगदी आधी एफफ्लश(एसटीडीआउट) करा, म्हणजे बफर तिथेच रिकामा होईल. शिवाय चाइल्डमध्ये एक्झेक (त्याच्या जागी दुसरा प्रोग्राम चालवणारी कॉल) फसलं, तर साधं एक्झिट नको, अंडरस्कोरवालं एक्झिट (_exit) वापरा; ते बफरला हात लावत नाही.