पहिला पास काढण्याआधी

प्रिय मुली,

बीकेसीत, म्हणजे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात, नोकरी लागल्याचं कळलं, फार आनंद झाला. डोंबिवलीहून रोज जायचं कसं, असं तू विचारलंस. फास्ट लोकलने कुर्ला आणि पुढे शेअर रिक्षा, असं तुला कोणीही सांगेल. मी मात्र तेवढ्यावर थांबणार नाही. पहिल्या आठवड्यात जी वाट अंगवळणी पडते, तीच माणसं पुढे वर्षानुवर्षं धरून बसतात. ती सोयीची आहे का, हे पुन्हा कोणी तपासत नाही.

लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला. काही स्थानकं बंद होती, म्हणून पुष्कळांना नाइलाजाने दुसऱ्या वाटेने जावं लागलं. अभ्यासकांनी नंतर प्रवासी कार्डांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा अशा लोकांपैकी साधारण वीसात एक जण संप मिटल्यावरही नव्या वाटेनेच जात होता. इतकी वर्षं त्याच शहरात फिरूनही आपल्याला जास्त सोयीची वाट त्यांना सापडलेली नव्हती. तू संपाची वाट बघू नकोस. सुरुवातीचे काही आठवडे मुद्दाम वेगवेगळ्या मार्गांनी जाऊन बघ.

तुझ्यापुढे निदान तीन मार्ग आहेत. कुर्ला पश्चिमेला उतरून रिक्षा किंवा बेस्टची बस हा अंतराने सगळ्यात जवळचा, पण सकाळी रिक्षाची रांग किती लांब असेल याचा नेम नाही, आणि पावसात तर विचारूच नकोस. घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथे बदलून मेट्रो ३ ने बीकेसी, हा लांबचा वळसा. तिकिटाचे पैसेही वेगळे जातात. पण एकदा मेट्रोत बसलीस की किती वाजता पोहोचणार हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. तिसरा मार्ग म्हणजे दादरला उतरायचं, पश्चिमेला चालत मेट्रो ३ चं दादर स्थानक गाठायचं आणि उलटं उत्तरेला यायचं. या मार्गात चालणं आलं आणि दादरच्या पुलांवरची गर्दीही.

तुलना करताना प्रत्येक मार्गाचा सगळ्यात वाईट दिवस लक्षात ठेव. एखाद्या वाटेने कधी तासात पोहोचतेस आणि कधी पावणेदोन तास लागतात, तर घरून तुला पावणेदोन तास धरूनच निघावं लागणार. त्यापेक्षा रोज सव्वा तास घेणारी वाट बरी. शिवाय ऑफिसात पोहोचल्यावर अंगात किती जीव उरतो, तेही बघ. नवीन नोकरीत पहिला तास फार मोलाचा असतो.

आता गाडीबद्दल. डोंबिवलीहून सुटणारी लोकल मिळाली तर तीच धर. काही जणी उलट्या कल्याणला जाऊन तिथून बसून येतात, त्याला रिटर्न येणं म्हणतात. त्यात वेळ जातो, पण ज्या दिवशी अंगात कणकण असेल किंवा पाठ दुखत असेल त्या दिवशी तोच उपाय. लेडीज डब्यात शिरल्यावर लाजू नकोस, बसलेल्या बाईला सरळ विचार, "कुठे उतरणार?" ती "ठाणे" म्हणाली की जागा तुझ्या नावावर झाली, आणि हा शब्द डब्यात पाळला जातो. उतरायच्या स्थानकाच्या पुलासमोर येणाऱ्या डब्यात सगळ्यांची झुंबड असते. दुसरा लेडीज डबा पकडून चार पावलं जास्त चाललीस तर निदान नीट श्वास घेता येईल.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो निघायच्या वेळेने. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतल्या कार्यालयांना वेळा बदलण्याची विनंती केली आणि आपल्या मुख्यालयातही दोन वेगवेगळ्या वेळा लावल्या. तुझ्या साहेबांना विचारून बघ. एक तास लवकर येऊन एक तास लवकर निघण्याची मुभा मिळाली, तर मी वर लिहिलेल्या निम्म्या युक्त्यांची गरजच उरणार नाही. नवीन मुली हे विचारायला कचरतात. तू विचार.

दारात लटकणं हा मार्ग तुझ्या यादीत कधीच नको. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यातल्या काहींचे जीव गेले. कामाला निघालेली माणसं होती ती. तू याच रुळांवरून जाणार आहेस, म्हणून कळकळीने सांगते: गाडी भरलेली असेल तर सोड. लेटमार्क लागू दे.

कुर्ला-सायनला पाणी भरलं की आपली लाइन बंद पडते. अशा दिवशी रात्री घरी पोहोचण्याचा हट्ट करू नकोस. बीकेसीच्या जवळपास एखाद्या मैत्रिणीचं किंवा नातेवाइकाचं घर आत्ताच ठरवून ठेव, त्यांना आधी सांगूनही ठेव.

आणि पास. तिमाही पास महिन्याच्या २.७ पट पैशांत येतो, म्हणून तो काढायचा मोह होईल. आधी महिन्याचाच काढ, आणि तोही कल्याण ते दादर. म्हणजे घाटकोपर, कुर्ला, दादर, कुठेही उतरता येईल आणि रिटर्न आलीस तरी टीसीला घाबरायला नको. कुठला मार्ग ठरला ते महिनाअखेरीस मला कळव, मग तिमाहीचं बघू.

तुझी,
मावशी