चारचौघांत न बोलणाऱ्या मुलासोबत काम करताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अभ्यासिकेत येणारा नववीतला तो मुलगा अजून तुझ्याशीही मोकळेपणाने बोलत नाही, वर्गात हजेरीला उत्तर देतानाही त्याचा आवाज अडकतो, आणि दर शनिवारी त्याच्यासोबत तासभर बसून आपण नेमके काय साधतो असा प्रश्न तुला पडला आहे. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याला बोलते करण्याची घाई करू नकोस. गटात बसलेल्या अशा मुलाचे सारे लक्ष आपली पाळी कधी येणार याकडे लागलेले असते, त्यामुळे इतर काय बोलतात हे त्याच्या कानावर पडूनही पोहोचत नाही. तुझ्यासोबत पाळी नसते आणि हसणारे कोणी नसते, शिवाय तो गप्प राहिला तरी तू पुढच्या शनिवारी येतोस. सुरुवातीला एवढे पुरेसे आहे. समोरासमोर बसण्यापेक्षा कॅरम खेळताना किंवा सोबत चालताना अशी मुले लवकर बोलतात, हेही ध्यानात ठेव.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये चारचौघांत वावरण्याच्या या भीतीची जी मांडणी केली, ती तुला रोजच्या कामात उपयोगी पडेल. त्यांच्या मते अशा व्यक्तीचे लक्ष समोरच्या माणसावर नसून स्वतःवर खिळलेले असते: आवाज कापतो आहे का, चेहरा लाल झाला का, आपण किती बावळट दिसतो आहोत. त्यातून सुटण्यासाठी ती व्यक्ती काही आडोसे शोधते. नजर टाळते, मोबाइलमध्ये डोके घालते, प्रत्येक वाक्य मनात आधी घोकते. हे आडोसे तेवढ्यापुरते वाचवतात. पण अनर्थ टळला तो या आडोशामुळेच, अशी समजूत पक्की होते आणि भीती पडताळून पाहण्याची संधीच मिळत नाही.

म्हणून तुझे काम ही संधी लहान मापाने उपलब्ध करून देण्याचे आहे. त्याला घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जा. पहिल्या वेळी तू बोल आणि तो नुसता शेजारी उभा राहू दे. पुढे कागद त्याने द्यावा, नंतर ‘दोन प्रती द्या’ एवढेच म्हणावे, आणि काही आठवड्यांनी तू दुकानाबाहेर थांबावेस. पायरी कोणती घ्यायची हे त्यानेच ठरवले पाहिजे. जाण्यापूर्वी ‘काय होईल असे वाटते?’ हे विचारून त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत लिहून ठेव, आणि परतल्यावर प्रत्यक्षात काय झाले ते त्याच्या शेजारी लिही. समजा, दुकानदार हसेल असे त्याला वाटले होते. दुकानदाराने तर मान वर न करता पैसे घेतले. या दोन नोंदींमधले अंतर त्याने स्वतः पाहणे हे तू दहा वेळा समजूत घालण्यापेक्षा मोलाचे आहे. दुकानदाराच्या मागच्या फळीवर काय काय होते असे विचारलेस, तर पुढच्या खेपेस त्याचे लक्ष आपोआप बाहेर वळू लागेल.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडले, की स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः पार पाडलेल्या कृतीचा अनुभव. ‘तू खूप हुशार आहेस’ अशा कौतुकाला त्यामुळे मर्यादा आहेत. ‘आज तू सुटे पैसे स्वतः मागितलेस’ हे वाक्य अधिक टिकते. घरच्यांनाही एक विनंती कर. पाहुण्यांनी त्याला प्रश्न विचारला की आईने लगेच त्याच्या वतीने उत्तर देऊ नये. आणि भीड चेपावी म्हणून मुलाला थेट व्यासपीठावर ढकलणारी जी शिबिरे सुट्ट्यांत भरतात, त्यांच्याविषयी माझे मत फारसे बरे नाही. तयारी नसताना झालेली फजिती मुले वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

तू उपचारक नाहीस. भीती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली असेल आणि तिच्यामुळे शाळा बुडत असेल, तर पालकांना विश्वासात घेऊन त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला सांग. १० ते १९ वयोगटासाठी शासकीय रुग्णालयांत मैत्री क्लिनिक ही किशोरवयीनांसाठीची सल्ला केंद्रे आहेत, आणि टेलि-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. भेटी नेहमी लोकांच्या नजरेसमोर असाव्यात, पालकांना त्यांची वेळ माहीत असावी. ‘हे कोणाला सांगणार नाही’ असे सरसकट वचन त्याला देऊ नकोस, कारण मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने बंधनकारक आहे.

शेवटी मुदतीविषयी. तू मे महिन्यात नोकरीसाठी पुण्याला जाणार असशील, तर ते त्याला आजच सांग. अमेरिकेतील मार्गदर्शक-मुलांच्या जोड्यांवरील २००२ च्या एका अभ्यासात वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांत सर्वाधिक लाभ दिसला, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतील मुलांचा आत्मसन्मान उलट घटलेला आढळला. अर्धवट सोडून जाणे हे न भेटण्यापेक्षा वाईट ठरू शकते. तू जाईपर्यंत अभ्यासिकेच्या ग्रंथपालांशी त्याची ओळख करून दे, मग कॅरमला एका शांत स्वभावाच्या मुलाला तिसरा भिडू म्हणून बसव, आणि त्या दोघांचे जमू लागले की चहा आणायच्या निमित्ताने मधूनमधून उठून जात जा.

तुझा,
एक जुना सहकारी