प्रौढ पुरुषांना मुरुमे कशामुळे येतात?

अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल स्रवतात, मृत पेशींनी केसांच्या मुळांशी असलेली छिद्रे बुजतात आणि तिथे जिवाणू वाढून सूज येते. ही प्रक्रिया विशीनंतर थांबतेच असे नाही. आनुवंशिकतेचाही वाटा असतो. मात्र प्रौढ वयात मुरुमे अचानक उसळली, तर माझ्या मते आधी औषधांकडे पाहावे, कारण स्नायू वाढवण्यासाठी व्यायामशाळेत घेतली जाणारी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडे, क्षयरोगावरील आयसोनियाझिड किंवा गोरेपणासाठी दुकानातून परस्पर आणून चेहऱ्याला लावलेली बीटामेथासोनसारखी स्टेरॉइडयुक्त मलमे यांमुळे असे पुरळ उठू शकते. केसांचे तेल कपाळावर उतरणे आणि हेल्मेटच्या पट्ट्याचे घर्षण हीदेखील कारणे आहेत. क्षयरोगाचे औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नये.