जबड्याच्या सांध्यावरचा ताण संगणकावर मोजून उपचार ठरवता येतो का?

आपण लिहिले आहे की उजव्या कानापुढे तोंड उघडताना कट्‌कट् आवाज येतो, ज्वारीची भाकरी चावताना दुखते, आणि एका ठिकाणी "सीटी स्कॅनवरून जबड्याची संगणकीय प्रतिकृती करू, सांध्यावर नेमका किती ताण येतो ते पाहू आणि मग उपचार ठरवू" असे आपल्याला सांगण्यात आले. तर त्या आकड्यावर विसंबावे का? माझे उत्तर असे की आकड्यावर विसंबू नये. काय बदलल्याने ताण वाढतो आणि काय बदलल्याने कमी होतो, एवढ्यापुरते मात्र बऱ्यापैकी विसंबावे. मी दंतवैद्य नाही. छत्रपती संभाजीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी फायनाईट एलिमेंट पद्धत (वस्तूचे छोटे छोटे तुकडे कल्पून तिच्यातला ताण संगणकावर काढण्याची पद्धत) शिकवतो, त्याआधी वाळूजला दुचाकीच्या सुट्या भागांचे ताण-विश्लेषण करत होतो, आणि अशाच एका जबड्याच्या प्रतिकृतीवरून एका प्राध्यापकांशी झालेला माझा वाद अजून मिटलेला नाही.

दंतशास्त्रात एमडीएस करणारी एक विद्यार्थिनी प्रबंधाच्या कामासाठी आमच्या प्रयोगशाळेत येत असे. तिने आणलेल्या सीबीसीटी (दात-जबड्यासाठीच्या खास सीटी) स्कॅनमध्ये हाड स्वच्छ दिसत होते. पण खालच्या जबड्याचे वरचे गोल टोक, म्हणजे कॉन्डाइल, आणि कवटीची खोबण यांच्यामधली तंतुमय चकती, जिच्याभोवती हा सगळा विषय फिरतो, ती तिथे नुसती एक काळपट फट म्हणून दिसत होती. चकती पाहायची तर एमआरआय करावा लागतो, आणि त्याचेही काप साधारण तीन मिलिमीटर जाडीचे असतात, तर चकतीचा मधला भाग जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. त्या मुलीने मान खाली घालून एकेक काप उघडला आणि माऊसने ती फट भरून काढली. पडद्यावर शेवटी जी चकती उभी राहिली ती रुग्णाची नव्हती, उरलेल्या जागेची होती. आपल्यासारख्या रुग्णाच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचे आहे, कारण कट्‌कट् आवाज येतो तेव्हा बहुधा चकती पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना कॉन्डाइल पुन्हा तिच्यावर चढतो. फट भरून केलेल्या प्रतिकृतीत ती मुकाट्याने जागेवर बसलेली असते, म्हणजे आपला आजारच प्रतिकृतीत शिरलेला नसतो.

त्यानंतर गुणधर्मांचा प्रश्न आला. हाडाच्या बाबतीत फार वाद नाही. बाहेरच्या घट्ट हाडाचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, बहुतेक जण १३.७ गिगापास्कल धरतात. चकतीला मात्र अनेक जुन्या लेखांत ४४ मेगापास्कलच्या आसपासचा एकच आकडा दिलेला आढळतो, जणू ती रबराची वॉशर आहे. प्रत्यक्षात ती ओढली तर बरीच ताठर असते आणि दाबली तर त्याहून कितीतरी मऊ. शिवाय तिच्यात पाणी भरपूर असल्यामुळे दात बराच वेळ आवळून धरले की ते हळूहळू बाहेर पडते आणि चकतीचे वागणे मिनिटागणिक बदलते. स्नायूंचे तर याहून अवघड आहे. त्यांचा जोर काटछेदाच्या क्षेत्रफळावरून अंदाजे काढतात, पण एकच घास त्याच जोराने चावण्यासाठी दोन्ही बाजूंचे स्नायू अगणित प्रकारे जोर वाटून घेऊ शकतात, आणि आपला मेंदू त्यांपैकी कोणता प्रकार निवडतो हे स्कॅनमध्ये दिसत नाही. त्या प्राध्यापकांचे म्हणणे होते की आपले निकाल आधीच्या लेखांशी जुळतात, म्हणून प्रतिकृती सिद्ध झाली. तेच आकडे घातल्यावर तेच निकाल येणार, यात सिद्ध काय झाले हे मला आजही कळलेले नाही. वाळूजला साध्या ब्रॅकेटचा ताण संगणकावर काढला तरी स्ट्रेन गेज (भाराखाली वस्तू किती ताणली जाते ते मोजणारी पट्टी) चिकटवून चाचणी घेतल्याशिवाय ग्राहक कंपनी सही करत नसे, आणि जिवंत माणसाच्या सांध्यात गेज चिकटवता येत नाही.

खरी ठिणगी पडली ती लाल रंगावरून. त्या विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रतिकृतीत स्नायूंचा जोर मोजक्या बिंदूंवर लावलेला होता, आणि त्यांपैकी एक बिंदू कॉन्डाइलच्या मानेजवळ होता. निकालाच्या चित्रात तिथे भडक लाल ठिपका उमटला. बिंदूवर लावलेल्या बलाखाली ताण सैद्धांतिकदृष्ट्या अमर्याद असतो, त्यामुळे मेश, म्हणजे प्रतिकृतीच्या छोट्या तुकड्यांची जाळी, जितकी बारीक करावी तितका तो आकडा फुगत जातो. मी मेश निम्म्या आकाराची करून दाखवली तेव्हा आकडा खरोखरच वाढला, आणि आजूबाजूच्या हाडातला ताण मात्र होता तेवढाच राहिला. माझ्या दृष्टीने तो ठिपका बाद करायला एवढा पुरावा पुरेसा होता. प्राध्यापक उलट खूश झाले. मेश बारीक झाली म्हणजे निकाल अधिक अचूक झाला आणि मानेचा फ्रॅक्चर तिथेच का होतो तेही उघड झाले, असे त्यांनी ठरवून टाकले. कॉन्डाइलच्या मानेला फ्रॅक्चर होतात ही गोष्ट खरी आहे; पण म्हणून तो ठिपका खरा ठरत नाही.

त्याच प्रतिकृतीतून एक गोष्ट मात्र बावनकशी निघाली होती, आणि नेमकी तीच त्यांना पटली नाही. डाव्या दाढेखाली कडक घास ठेवून भार दिला की उजव्या, म्हणजे न चावणाऱ्या बाजूच्या, सांध्यावर जास्त दाब येत होता. "सर, दुखते त्या बाजूने चावू नका असे आम्ही रुग्णांना रोज सांगतो, तुमचे सॉफ्टवेअर उलटे सांगत असेल तर कुठेतरी चिन्ह चुकले असणार," असे ते म्हणाले. चिन्ह चुकलेले नव्हते. डाव्या दाढेखाली घास असताना डाव्या स्नायूंचा बराचसा जोर त्या घासावर खर्च होतो. उजवे स्नायूही त्याच वेळी ओढत असतात, पण तिथे दाढेखाली काहीच नसल्यामुळे तो भार उजव्या सांध्याला घ्यावा लागतो. यासाठी सॉफ्टवेअरसुद्धा लागत नाही. बलांचे आणि परिबलांचे समतोल कागदावर मांडले तरी उत्तर तेच येते, आणि ते मी त्यांच्यासमोर मांडले होते. अमेरिकेतल्या विल्यम हायलँडर यांनी मकाक माकडांच्या जबड्याच्या हाडावर स्ट्रेन गेज बसवून १९७९ साली हेच प्रसिद्ध केले होते, की चावताना सांध्यावर भार येतो आणि तो विरुद्ध बाजूच्या सांध्यावर अधिक असतो. प्रबंध छापून आला तेव्हा लाल ठिपका पानभर होता आणि हा आलेख वगळलेला होता. परीक्षकांसमोर वाद नको, एवढेच कारण त्या मुलीला सांगण्यात आले.

म्हणून आपल्याला स्पष्ट सांगतो, जी प्रतिकृती आपल्यासमोर ठेवली जाईल तिच्याबद्दल न संकोचता विचारा: चकती एमआरआयवरून घेतली की फट भरून? स्नायूंचा जोर कुठून आणला? मेश बारीक केल्यावर तो आकडा स्थिर राहिला का? समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत तर त्या रंगीत चित्राच्या आधारे शस्त्रक्रियेला, दातांचे पृष्ठभाग झिजवून चावा बदलण्याला किंवा कोणत्याही न परतवता येणाऱ्या उपचाराला होकार देऊ नका. सांध्यावरचा भार कमी लेखल्याची किंमत रुग्णांनी पूर्वी मोजलेली आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत चकतीच्या जागी प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे रोपण बसवत असत. ते भाराखाली झिजले, त्याच्या कणांमुळे आजूबाजूचे हाड खंगत गेले, आणि १९९० च्या सुमारास एफडीएला (तिथल्या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेला) इशारा देऊन ते बंद करावे लागले.

याचा अर्थ ही पद्धत कुचकामी आहे असा नव्हे. मोडलेल्या जबड्याला पट्टी कुठे बसवावी, कृत्रिम सांध्याचे स्क्रू किती आणि कुठे असावेत, अशा दोन पर्यायांच्या तुलनेत ती उत्तम काम देते, कारण दोन्हींत चूक जवळपास सारखीच असते. ॲमस्टरडॅमच्या कूलस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर २००५ मध्येच स्नायूंची हालचाल आणि चकतीची विकृती एकत्र घेणारी प्रतिकृती मांडली होती. तसे काम कुणी आपल्यासाठी करत असेल तर माझे अर्धे आक्षेप मी मागे घेतो.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. जबड्याचे बरेचसे दुखणे सांध्याचे नसून स्नायूंचे असते, आणि ताणाची प्रतिकृती वेदना मोजत नाही. दुखणे स्नायूचे असेल तर दुखऱ्या बाजूने चावल्यास ते वाढू शकते, त्यामुळे विरुद्ध बाजूच्या सांध्याविषयी मी वर लिहिले ते वाचून आज रात्रीपासून उजवीकडून ऊस सोलू नका. आधी तपासून घ्या. दीर्घकाळच्या दुखण्यासाठी २०२३ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक सूचनांत जबड्याचे देखरेखीखालील व्यायाम, हाताने केलेले मोबिलायझेशन (सांधा हळूहळू हलवून मोकळा करणे) आणि वर्तनोपचार यांना ठाम पसंती आहे, आणि चकती काढून टाकण्याला ठाम विरोध आहे. तोंड किती उघडते तेही मोजून घ्या. निरोगी प्रौढाचे साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते. ते कमी भरत असेल आणि आपण गुटखा किंवा सुपारी खात असाल, तर सांध्याच्या मागे लागण्याआधी गालाच्या आतल्या कातडीचा ताठपणा तपासून घ्या, कारण आपल्या मराठवाड्यात तोंड न उघडण्याचे ते नेहमीचे कारण आहे आणि त्यासाठी कोणत्याही प्रतिकृतीची गरज नाही.